घराची टापटीप : रोजच्या अर्ध्या तासाचे काम



बेणे कोणते निवडावे, सरी किती फुटांवर सोडावी, खोडव्यात पाचट कसे राखावे, हे या पानांतून आपण वेळोवेळी वाचत असता. आज विषय थोडा घराकडचा आहे. "आता कारखाना आम्हाला केर काढायलाबी शिकवणार का?" असे कोणी म्हणेल. शिकवण्याचा हेतू नाही. पहाटे उठून अंगणात सडा, दारात रांगोळी, चुलीला पोतेरे ही आपल्या आयाबायांची रीत होती आणि तिच्यात शिस्त पुष्कळ होती. ती शिस्त कुठे गळाली आणि आजच्या घरात ती कशी बसवता येईल, एवढेच पाहायचे आहे.

शेणाने सारवलेली जमीन स्वतःच वेळापत्रक ठरवत असे. चार-आठ दिवस गेले की तिचे पोपडे निघायचे, धूळ व्हायची, मग सारवण आलेच. सारवायचे म्हटले की सामान हलवावे लागे. कणगीमागे काय साठले, पेटीखाली काय शिरले, हे आपोआप नजरेखालून जाई. आता बहुतेकांकडे शहाबादी किंवा चकचकीत टाइल्स आल्या. सोय फार झाली, कमरेचे कष्ट वाचले. पण फरशी काही मागत नाही. मधली मोकळी जागा पुसली की घर स्वच्छ दिसते, आणि कॉटखाली, कपाटामागे काय चालले आहे ते दसऱ्यापर्यंत कळत नाही.

दसऱ्याची सफाई मात्र आपल्याकडे अजून जोरात होते. घटस्थापनेच्या आधी अंथरूण-पांघरूण ओढ्यावर नाहीतर पाटावर जाते, भांडी घासून निघतात, जळमटे उतरतात. चार दिवस घरातल्या बायकांची पाठ मोडते. आणि लगेच पुढे गळीत हंगाम लागतो. तोडणी येणार, टोळी येणार, रात्री-बेरात्री ट्रॅक्टर भरणार, सकाळी खोडव्याला पाणी. मार्गशीर्ष संपेपर्यंत त्याच घराचे गोदाम झालेले असते. म्हणून आमचे म्हणणे असे, की वर्षाच्या मोठ्या सफाईवर घर चालत नाही. चालते ते रोजच्या लहान कामावर.

शहरातल्या घरात कचरा होतो तो घरातल्या माणसांचा. आपल्याकडे शेतच उंबरा ओलांडून आत येते. चिखलाचे बूट, युरियाचे अर्धे पोते, फवारणीचा पंप, मोटारीचा जळलेला स्टार्टर, ठिबकच्या नळ्यांचे तुकडे, ग्रीसचा डबा. यातले काहीच टाकाऊ नसते, म्हणून कोणी टाकत नाही, आणि प्रत्येक वस्तू "जरा इथं ठिवतो" म्हणून येते ती कायमची. अशा घरात बाईने दिवसातून तीनदा केरसुणी फिरवली तरी घर आवरलेले दिसणार नाही. तेव्हा सुरुवात झाडूपासून नको, उंबऱ्यापासून करावी. घराला लागून पत्र्याची एक पडवी, तिला कुलूप लागणारे दार, भिंतीला खुंट्या आणि दोन फळ्या, एवढे पुरे. शेतातली वस्तू तिथेच उतरायची. पायात काय असेल तेही तिथेच काढायचे आणि शेजारी पाण्याची बादली. ऊस नोंदीच्या निमित्ताने वस्त्यांवर फिरताना अशी पडवी असलेली घरे आम्ही पाहिली आहेत. माणसे तितकीच, काम तितकेच, पण आतली खोली निराळी दिसते.

आता अर्धा तास कसा लावायचा ते सांगतो. सकाळी वीस मिनिटे आणि रात्री दहा, अशी वाटणी बरी पडते. सकाळी ज्याने त्याने आपले अंथरूण घडी करून ठेवावे. पोराठोरांनासुद्धा यातून सूट नको. मग वरून खाली या क्रमाने काम: आधी फळ्या-खिडक्या, मग केर, शेवटी ओले फडके. आधी फरशी पुसून मागाहून फळी झटकणे म्हणजे दुप्पट काम. अंगणात खराटा मारण्याआधी पाणी शिंपडावे. सडा घालण्याच्या रीतीत धूळ खाली बसवण्याची सोयही होतीच.

कारखान्याच्या जवळच्या वाड्या-वस्त्यांना हंगामात काजळीचा त्रास होतो, हे इथे मोकळेपणाने सांगितले पाहिजे. बगॅसच्या राखेचे ते काळे, हलके कण कोरड्या फडक्याने पुसले तर पसरतात आणि डाग धरतात. ते आधी केरसुणीने हलक्या हाताने गोळा करावेत, मग थोडा साबण घातलेले ओले फडके फिरवावे. वाऱ्याच्या बाजूच्या खिडक्या लावून घ्याव्यात, धुणे आडोशाला वाळत घालावे. शेतात पाचट पेटवले तरी अशीच राख गावभर उडते. ती थांबवणे मात्र ज्याच्या त्याच्या हातात आहे.

रात्रीची दहा मिनिटे आम्हाला सकाळच्या वीसपेक्षा मोलाची वाटतात. जेवणे झाली की खरकटे उरू द्यायचे नाही, भांडी निदान विसळून पालथी घालायची, पीठ-धान्याची झाकणे घट्ट लावायची. दिवेलागणीनंतर केर काढू नये, लक्ष्मी जाते, असे जुनी माणसे सांगत. दिव्याच्या मिणमिणत्या उजेडात एखादा मणी, एखादी फुली केरात जायची, त्या काळी ते बरोबरच होते. आता डोक्यावर बल्ब आहे. ज्यांना ती रीत मोडायची नाही त्यांनी केर कोपऱ्यात लोटून सकाळी भरावा, पण सांडलेले अन्न रात्रभर ठेवू नये. केरसुणीला आपण लक्ष्मीपूजनाला हळद-कुंकू वाहतो. तिला घरात अन्न सांडलेले आवडत नसणार.

सांडलेल्या अन्नाला उंदीर येतो आणि उंदरामागे साप. उसाच्या पट्ट्यात हे दोन्ही मुबलक. मण्यार रात्री फिरते, जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते, आणि तिचा दंश पुष्कळदा इतका बारीक असतो की दुखतही नाही. पहाटे पोटात दुखते, पापण्या जड होतात, तोवर वेळ गेलेली असते. म्हणून सरपण, शेणी, विटा, पाचटाचे भारे घराच्या भिंतीला टेकून रचू नयेत, थोडे लांब ठेवावेत. धान्याची पोती फळीवर, भिंतीपासून हातभर सुटी. झोपायला कॉट आणि मच्छरदाणी, तिच्या कडा गादीखाली खोचून. दंशाची नुसती शंका आली तरी मांत्रिकाकडे न जाता १०८ ला फोन करून सरकारी दवाखाना गाठावा. लेप्टोचा ताप उंदराच्या मूत्राने दूषित झालेल्या पाण्या-चिखलातून होतो. तो उसाच्या फडात राबणाऱ्यांचा जुना शत्रू आहे, पायाला जखम असेल तर जास्तच. दारातल्या बादलीचे महत्त्व त्यासाठीही आहे.

आठवड्यातून एक दिवस पाण्याची भांडी कोरडी करायची. ड्रम, रांजण, जनावरांची टाकी, फ्रिजमागचा ट्रे, अंगणातले जुने टायर. डेंग्यूचा डास स्वच्छ साठलेल्या पाण्यात वाढतो आणि अंड्यापासून डास व्हायला साधारण आठवडा ते दहा दिवस लागतात, म्हणून आठवड्याचा हिशोब. पण नुसते पाणी ओतून भागत नाही. अंडी भांड्याच्या कडेला चिकटलेली असतात आणि कोरडी राहूनही कित्येक महिने टिकतात. आतून काथ्याने खसखसून घासले तरच ती निघतात. बाजाराचा दिवस यासाठी धरला तर लक्षात राहतो.

औषधांचे थोडे कडक शब्दांत लिहावे लागते. तणनाशक उरले की थंड पेयाच्या बाटलीत ओतून देवळीत ठेवणे, हा प्रकार अजून चालू आहे. पोरगं तहानेलं आलं तर बाटली ओळखणार कशी? पॅराक्वाटसारख्या औषधावर खात्रीचा उतारा आजही नाही. औषध मूळ बाटलीतच, पडवीत, कुलपात असावे. धान्यात घालायच्या ॲल्युमिनियम फॉस्फाईडच्या गोळ्या तर राहत्या घरात आणूच नयेत. ओलाव्याने त्यांतून विषारी वायू सुटतो. झोपायच्या खोलीत धान्य आणि त्यात त्या गोळ्या, म्हणजे घरातल्यांच्या जिवाशी खेळ. आणखी एक: संडास धुताना ॲसिड आणि ब्लीचिंग पावडर कधीही एकत्र टाकू नये. क्लोरीन सुटतो आणि छाती भरते.

हे सगळे वाचून पुष्कळ बंधू म्हणतील, "बरं झालं, मालकिणीला वाचून दाखवतो." तिथेच खरी मेख आहे. केंद्र सरकारच्या सांख्यिकी कार्यालयाने २०१९ साली देशभर वेळेच्या वापराची पाहणी केली. सहा वर्षांवरच्या स्त्रियांपैकी शंभरात ८१ जणी रोजच्या घरकामात होत्या, पुरुष शंभरात २६. त्या ८१ जणींचा दिवसाचा वेळ सरासरी २९९ मिनिटे, आणि हात लावणाऱ्या त्या २६ पुरुषांचा ९७. आपल्या भागात बाई एवढे करून भांगलणीला, लावणीला, धारेलाही असते. अर्ध्या तासाचे हे नवे वेळापत्रक तिच्याच डोक्यावर ठेवले तर ते पंधरा दिवसांत मोडेल आणि ते मोडलेलेच बरे. पडवी, औषधे, सरपण आणि पाण्याचे ड्रम हे पुरुषांचे काम ठरवून टाकावे. यात कमीपणा मानणाऱ्यांनी गाडगेबाबांना आठवावे. ते गावात शिरत तेच हातात खराटा घेऊन, दिवसा गाव झाडत आणि रात्री कीर्तनाला उभे राहत. २००० साली सुरू झालेल्या ग्राम स्वच्छता अभियानाला सरकारने त्यांचेच नाव दिले. गावाचा चौक झाडताना फोटोला उभे राहणारे पुष्कळ आहेत, स्वतःची पडवी झाडणारे त्या मानाने कमी.

शेवटचे काम कागदांचे. शेअर सर्टिफिकेट, ऊस नोंदीची पावती, वजनाच्या पावत्या, सोसायटीचे पासबुक, वारसाचे कागद. कित्येक घरी हे सगळे देव्हाऱ्यामागे, गादीखाली, कॅलेंडरच्या खिळ्याला टोचून असे विखुरलेले असते. सात-बारा आता पुन्हा सहज निघतो. पण सभासद वारल्यावर वारस नोंदीच्या वेळी शेअर सर्टिफिकेट उंदराने कुरतडलेले निघाले, तर दुय्यम प्रतीसाठी अर्ज, प्रतिज्ञापत्र आणि हेलपाटे आले, तेही घरात दुःख असताना. पत्र्याची एक पेटी घ्यावी. कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून तिच्यात ठेवावेत, महिन्यातून एकदा उघडून ऊन दाखवावे. पेटीची किल्ली कुठे आहे हे घरातल्या दोघांना तरी ठाऊक असावे, आणि त्या दोघांत एक घरातली बाई असावी.