शाळेच्या गच्चीवरील उपग्रहदर्शन

गतवर्षीं एका शाळेच्या चालकांनीं आकाशदर्शन शिकविण्यासाठीं संगणकाचें एक महागडें सॉफ्टवेअर विकत घेतलें आणि मुलांस आंतरराष्ट्रीय अंतराळस्थानक दाखविण्याचा बेत केला. निमंत्रणावरून आम्हीही गच्चीवर हजर होतों. पडद्यावरील ठिपका वायव्येकडून निघाला, माथ्यावर आला, आग्नेयेकडे मावळला. आकाशांत मात्र कांहींच फिरकलें नाहीं. एका लहानग्या मुलीनें विचारलें, "आजोबा, मग खोटें कोण बोललें?"

उत्तर देणें प्राप्तच होतें. चौकशी करतां असें आढळलें कीं, सॉफ्टवेअरमधील कक्षेचे आंकडे चार महिन्यांपूर्वींचे होते व ते ताजे करण्याची तजवीज कोणींच केली नव्हती. हें स्थानक सुमारें ४०० किलोमीटर उंचीवरून दर सेकंदास साडेसात किलोमीटरांहून अधिक वेगानें धांवतें. विरळ हवेच्या घर्षणानें तें हळूहळू खालीं येतें व मधूनमधून इंजिनें चालवून त्यास पुन्हां वर चढवावें लागतें. वेळेंत एका मिनिटाची चूक झाली तरी तें साडेचारशें किलोमीटर पुढें-मागें जातें. मग चार महिन्यांचे शिळे आंकडे काय कामाचे?

ज्यांनीं घरांत पंचांगाचा वाद ऐकला असेल त्यांस यांत नवल वाटणार नाहीं. गणेश दैवज्ञांचा 'ग्रहलाघव' हा १५२० सालचा करणग्रंथ; अत्यंत सोपा, म्हणूनच शेंकडों वर्षें चालला. परंतु काळ लोटला तसतशी गणिताची व आकाशाची फारकत होऊं लागली, आणि व्यंकटेश बापूजी केतकरांसारख्यांस नवीं मानें घेऊन गणित पुन्हां मांडावें लागलें. (ग्रहणाची वेळ नव्या मानांनीं बिनतक्रार घ्यावयाची, एकादशीस मात्र शास्त्रार्थ करावयाचा, ही आमची रीत! असो.) पंचांगास शतकें लागलीं, स्थानकास आठवडे पुरतात, एवढाच भेद.

तेव्हां शाळेनें सॉफ्टवेअरवर पैसा खर्चूंच नये, असें आमचें मत आहे. 'स्टेलॅरियम' हें संगणकावर मोफत मिळतें. त्यांत उपग्रह दाखविण्याची सोय आहे, आणि इंटरनेट असल्यास 'सेलेस्ट्रॅक' या संकेतस्थळावरील कक्षेचे ताजे आंकडेही विनामूल्य घेतां येतात. मोबाईलवरील आवृत्तींत कांहीं सोयींस पैसे पडतात. शाळेस त्यांची गरज नाहीं. मात्र शिक्षकानें त्याच दिवशीं आंकडे ताजे करावे, आपल्याच गांवाचे अक्षांश-रेखांश घालावे व घड्याळ बिनचूक लावून घ्यावें. यादींतून मुंबई निवडून सोलापुरांत आकाश पाहूं नये!

वेळ संध्याकाळची वा पहाटेची हवी. आपण अंधारांत आणि स्थानक उन्हांत असलें तरच तें दिसतें. पृथ्वीच्या छायेंत शिरतांच तें भर आकाशांत मंद होऊन नाहींसें होतें. महिन्याभरानें त्याच गच्चीवर आम्हीं मुलांस या लोपाची वेळ टिपावयास सांगितली. त्या मुलीच्या वहींतील वेळेंत व सॉफ्टवेअरवरील वेळेंत सहा सेकंदांचें अंतर आलें. ते सहा सेकंद कोणाचे, यावर वर्गांत अद्यापि वाद चालू आहे.