स्नायूंवरच्या खुणा

शहापूर-मुरबाडकडे भाताची लावणी सुरू झाली की दिवस दिवस वाकून चिखलात उभं राहावं लागतं. दुपारी भाकरी खाऊन सून बांधावरून झटक्यात उठते. सत्तरीची सासू आधी गुडघ्यावर हात टेकते. हा फरक नुसत्या सांध्यांचा नाही, स्नायूंचाही आहे.

स्नायूंतली प्रथिनं रोज मोडतात, रोज नव्यानं घडतात. काय ठेवायचं, काय मोडायचं हे बरंचसं त्यांवर चिकटणाऱ्या रासायनिक खुणांवर ठरतं. जेवणानंतर इन्सुलिनच्या इशाऱ्यानं ‘एकेटी’ हे प्रथिन जागं होतं. ते मोडतोड सुरू करणाऱ्या ‘फॉक्सओ’ या प्रथिनावर फॉस्फेटची खूण लावून त्याला पेशीकेंद्राबाहेर ठेवतं आणि ‘एमटॉर’ या दुसऱ्या प्रथिनामार्फत नव्या प्रथिनांची बांधणी वाढवतं.

माणूस अंथरुणाला खिळला की चक्र उलटं फिरतं. फॉक्सओ केंद्रात शिरतो. त्यामुळे ‘अ‍ॅट्रोजिन-१’ आणि ‘मर्फ-१’ ही प्रथिनं वाढतात; ती स्नायूंतल्या प्रथिनांना युबिक्विटिन या छोट्या प्रथिनाची माळ घालतात. माळ पडली की प्रथिनाचे तुकडे झालेच म्हणून समजा. युबिक्विटिनची ही यंत्रणा उलगडणाऱ्या तिघांना २००४ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं.

उतारवयात तेवढ्याच जेवणाला आणि श्रमाला स्नायू कमी दाद देतात. त्यातून होणाऱ्या झिजेला ‘सार्कोपेनिया’ म्हणतात. म्हणून लावणी संपली तरी आजीनं बसून राहू नये. रोज थोडी उठबस करावी, आणि भाताच्या ढिगासोबत ताटात वाल, डाळ, अंडं किंवा सुकटही असावी.