सस्पेन्शनचे सुटे भाग : नवे घ्यावेत की जुने?

पावसाळा ओसरला की मुंबई-पुण्यातील गॅरेजांमध्ये एका विशिष्ट तक्रारीच्या गाड्या वाढू लागतात. खड्ड्यातून जाताना पुढच्या चाकाजवळ 'टकटक' आवाज येतो, ब्रेक लावताच गाडीचे नाक खाली झुकते, टायर एकाच बाजूने झिजतात. दोष बहुधा सस्पेन्शनमध्ये असतो. दुरुस्तीचा अंदाज ऐकला की अनेकांची पावले कुर्ल्याच्या सीएसटी रोडसारख्या जुन्या सुट्या भागांच्या बाजारांकडे वळतात. तेथे निम्म्याहून कमी दरात मिळणारा भाग घ्यावा का, याचे उत्तर मात्र तो भाग कोणता, यावर अवलंबून आहे.

सस्पेन्शनचे काम केवळ प्रवाशांना हादऱ्यांपासून वाचवणे एवढेच नाही. चाक रस्त्याला सतत टेकलेले ठेवणे हे त्याचे मुख्य काम होय. स्प्रिंग धक्का झेलते आणि शॉक अ‍ॅब्सॉर्बर त्या स्प्रिंगची उसळी आवरतो. हा शॉक अ‍ॅब्सॉर्बर निकामी झाला, तर चाक उड्या मारू लागते आणि ब्रेक लावल्यावर गाडी थांबण्यास अधिक अंतर घेते. बॉल जॉइंट निखळल्यास चाक बाहेर कलंडून गाडीवरचा ताबाच सुटू शकतो. त्यामुळे येथील काटकसर थेट जिवाशी निगडित आहे.

जे भाग घर्षणाने झिजतात किंवा ज्यांत रबर व तेल असते, ते नेहमी नवेच घ्यावेत. शॉक अ‍ॅब्सॉर्बर, बॉल जॉइंट, बुश, लिंक रॉड आणि स्ट्रट माउंट हे या वर्गात मोडतात. रबर हे गाडी उभी असली तरी वयानुसार कडक होते व त्याला भेगा पडतात. जुना शॉक अ‍ॅब्सॉर्बर पुसून, रंगवून नव्यासारखा दिसतो. परंतु आतील सील आणि व्हॉल्व्ह किती झिजले आहेत, हे हाताने दाबून नेमके कळत नाही.

याउलट चाकाचा नकल, मागचा अ‍ॅक्सल बीम, सबफ्रेम असे निव्वळ धातूचे, जाडजूड भाग जुने घेण्यास हरकत नसते. मात्र ते अपघातग्रस्त गाडीचे असू शकतात. म्हणून भाग सपाट जागेवर ठेवून वाकलेला नाही ना, जोडाजवळ तडा वा वेल्डिंगची खूण नाही ना, आणि गंज आत मुरलेला नाही ना, हे पाहावे. शक्य तेव्हा आपल्या गाडीचा भाग शेजारी ठेवून ताडून घ्यावा. एकाच मॉडेलच्या पेट्रोल व डिझेल गाड्यांच्या पुढच्या स्प्रिंगा अनेकदा वेगळ्या असतात, कारण डिझेल इंजिन जड असते.

नव्या मालातही बनावटीचा धोका आहेच. पार्ट क्रमांक, छापील किंमत आणि उत्पादनाची तारीख पाहून जीएसटीचे पक्के बिल घ्यावे. ते नसेल तर वॉरंटीचा दावा टिकणे कठीण. ज्या सुट्या भागांवर २८ टक्के जीएसटी होता, त्यांवरील कर २२ सप्टेंबर २०२५ पासून १८ टक्के झाला. त्यामुळे बिलाविना माल घेण्याचा मोहही थोडा कमी व्हायला हवा.

बसवतानाही काही पथ्ये पाळावी लागतात. शॉक अ‍ॅब्सॉर्बर आणि स्प्रिंगा पुढच्या किंवा मागच्या जोडीनेच बदलाव्यात, अन्यथा दोन्ही बाजूंची चाके वेगवेगळी वागतात. लोअर आर्मच्या बुशचे बोल्ट गाडीचा भार चाकांवर आल्यावरच अखेरचे आवळावेत. गाडी जॅकवर असताना ते आवळले, तर रबर कायम पिळलेले राहते व लवकर फाटते. दाबलेली स्प्रिंग निसटल्यास गंभीर इजा होते. हे काम योग्य अवजार असलेल्या मेकॅनिककडेच सोपवावे. पुढच्या सस्पेन्शनचे काम झाल्यावर व्हील अलाइनमेंट करून घ्यावे आणि काढलेले जुने भाग मागून घ्यावेत. खरोखर काय बदलले, याचा तोच सर्वांत सोपा पुरावा असतो.