इंग्रजीतील स्वामित्वदर्शक रचना व सर्वनामे : मराठी भाषक विद्यार्थ्यांच्या चुकांच्या संदर्भात

'रमेश सेंट हर डॉटर टु स्कूल' या घाटाचे वाक्य पदवी वर्गाच्या उत्तरपत्रिकांत आढळले नाही, असे एकही वर्ष प्रस्तुत लेखकाच्या अनुभवात नाही. प्राध्यापक 'हर'खाली लाल रेघ ओढतो, वर 'हिज' लिहितो आणि पान उलटतो. पुढील चाचणीत तोच विद्यार्थी तीच चूक पुन्हा करतो. केवळ निष्काळजीपणाची चूक इतकी नियमित असत नाही. तिचे मूळ बहुतांशी मराठीच्या रचनेत आहे. इंग्रजीच्या अध्यापकाप्रमाणेच मराठीच्या अध्यापकालाही ते ठाऊक असणे उपयुक्त ठरेल, या हेतूने हा विषय येथे मांडला आहे.

मराठीत 'चा-ची-चे' प्रत्यय लागलेला शब्द विशेषणासारखा वागतो. रामाचा भाऊ, रामाची बहीण, रामाचे घर. येथे प्रत्ययाचे लिंग व वचन स्वामीवरून ठरत नाही. ज्याच्यावर स्वामित्व आहे त्या नामावरून ठरते. संस्कृत व्याकरणपरंपरेने षष्ठीची गणना कारकांत केली नाही, कारण तिचा संबंध मुख्यतः क्रियेशी नसून दुसऱ्या नामाशी असतो. मराठीत तर या संबंधाने विकारी विशेषणाचे रूपच धारण केले आहे. इंग्रजीतील 'हिज' व 'हर' यांना पुढील नामाशी काहीही कर्तव्य नसते. स्वामी पुरुष असेल तर 'हिज', स्त्री असेल तर 'हर'. मग पुढे मुलगी येवो अथवा मुलगा. 'डॉटर' हा शब्द स्त्रीवाचक म्हणून 'हर' लिहिणारा विद्यार्थी मराठीचा नियम इमानाने पाळत असतो, असेच म्हणावे लागेल.

येथे एक आक्षेप संभवतो. 'त्याची' व 'तिची' या रूपांत मराठीही स्वामीचे लिंग दर्शवते; मग गोंधळ का व्हावा? त्याचे उत्तर असे की, प्रस्तुत प्रकारच्या वाक्यात मराठी भाषक 'त्याची' हे रूप सहसा योजतच नाही. तो म्हणतो, 'रमेशने आपली मुलगी शाळेत घातली.' 'आपली' या रूपात स्वामीच्या लिंगाचा मागमूस नाही. जे स्त्रीलिंग दिसते ते मुलीचे. इंग्रजीत या आत्मवाचक 'आपला'ला समांतर असा एक शब्द नाही. विद्यार्थ्याला 'हिज' आणि 'हर' यांतून निवड करावी लागते आणि त्याच्या हाताशी असलेली एकमेव खूण त्याला चुकीच्या दिशेने नेते. म्हणून 'हिज म्हणजे त्याचा, हर म्हणजे तिचा' एवढे पाठ करून घेणे अपुरे आहे. 'आपला' दिसताच 'कोणाचा?' हा प्रश्न विचारण्याची सवय लावावी लागते.

हा भेद केवळ गुणांपुरता नाही. 'रमेशने सुरेशला आपल्या घरी नेले' या वाक्यात घर रमेशचे; 'त्याच्या घरी नेले' म्हटले की ते सुरेशचे अथवा तिसऱ्याचे. इंग्रजीत दोन्ही ठिकाणी 'हिज हाउस' असेच येते. या बाबतीत मराठी अधिक काटेकोर आहे, हे विद्यार्थ्यांना आवर्जून सांगावे. एखाद्या चौकशी अहवालात अधिकाऱ्याने लिपिकाला 'हिज रिमार्क' नोंदवहीतून काढण्यास सांगितले, असे इंग्रजीत लिहिले, तर शेरा अधिकाऱ्याचा की लिपिकाचा, हे त्या वाक्यावरून कळणार नाही. आणि लिपिकाची नोकरी नेमकी त्याच मुद्द्यावर अवलंबून असू शकेल. अशा ठिकाणी 'हिज ओन' लिहावे किंवा नामाची पुनरुक्ती करावी. कार्यालयीन लेखनात पुनरुक्ती हा दोष मानू नये.

'असणे' आणि 'हॅव'

इंग्रजीतील 'हॅव' या क्रियापदाला मराठीत थेट प्रतिशब्द नाही. मला दोन भाऊ आहेत, माझ्याकडे शब्दकोश आहे, माझ्याजवळ सुटे पैसे आहेत, खोलीला दोन खिडक्या आहेत, त्याचे दुकान आहे. नाते, ताबा, जवळीक, अवयव व मालकी यांसाठी मराठी वेगवेगळ्या रचना वापरते. इंग्रजीत या सर्वांचे काम 'हॅव' करू शकते. भारतीय इंग्रजीत 'आय अ‍ॅम हॅविंग टू ब्रदर्स' ही रचना सर्रास ऐकू येते. भाऊ असणे ही स्थिती आहे, चालू क्रिया नव्हे. म्हणून प्रमाण इंग्रजीत 'आय हॅव' हवे. 'आय अ‍ॅम हॅविंग लंच' मात्र निर्दोष, कारण तेथे जेवणे ही क्रिया आहे.

'माझा एक मित्र' याचे 'माय वन फ्रेंड' हे भाषांतरही असेच रूढ आहे. मराठीत 'माझा' हे विशेषण असल्याने त्याच्याशेजारी 'एक' किंवा 'हा' सहज बसतो. इंग्रजीत 'माय', 'अ' आणि 'धिस' हे एकाच जागेचे हक्कदार. एक आला की दुसऱ्याला तेथे स्थान नाही. म्हणून 'अ फ्रेंड ऑफ माइन', 'धिस बुक ऑफ माइन' असा वळसा घ्यावा लागतो.

'इट्स'मधील अपॉस्ट्रॉफीविषयी थोडक्यात. स्वामित्वदर्शक 'इट्स'ला ते चिन्ह नाही; 'इट इज'च्या संक्षेपाला आहे. मात्र यावरून विद्यार्थ्याला अडाणी ठरवण्याची घाई करू नये. नपुंसकलिंगी स्वामित्वासाठी जुन्या इंग्रजीत 'हिज' हेच रूप होते. 'इट्स' सोळाव्या शतकाच्या अखेरीस रूढ होऊ लागले. 1611 च्या इंग्रजी बायबलच्या मूळ आवृत्तीत ते आढळत नाही. पुढे सतराव्या-अठराव्या शतकांत सुशिक्षित लेखकही ते अपॉस्ट्रॉफीसह लिहीत.

आदर आणि लिंग

मराठीतील 'आपण' व 'आम्ही' हा भेद इंग्रजी 'वी'मध्ये लोपतो, आणि 'तू', 'तुम्ही' व आदरार्थी 'आपण' ही तिन्ही 'यू'मध्ये. याने फारशा चुका होत नाहीत. चूक होते ती तृतीय पुरुषात. 'आमचे प्राचार्य आले, ते म्हणाले' याचे विद्यार्थी आदरापोटी 'दे सेड' करतो. इंग्रजीत आदर सर्वनामाच्या वचनातून व्यक्त होत नाही, हे त्याला पटवणे कठीण जाते. 'ही' म्हणणे त्याला एकेरीवर आल्यासारखे वाटते.

एकवचनी 'दे'चा दुसरा उपयोग मात्र आता निराळ्या दृष्टीने पाहावा लागेल. 'एव्हरी स्टुडंट शुड ब्रिंग देअर बुक' हे वाक्य आपल्या पिढीने अशुद्ध म्हणून शिकले. तेथे 'हिज' हवे, असे शिकवले गेले. ब्रिटिश संसदेच्या 1850 च्या कायद्याने अधिनियमांपुरते पुल्लिंगी शब्दांत स्त्रियांचा समावेश गृहीत धरला. आपल्याकडील 1897 च्या सर्वसाधारण परिभाषा अधिनियमाच्या कलम 13 मध्ये तेच तत्त्व आहे. परंतु एकवचनी 'दे' इंग्रजीत चौदाव्या शतकापासून चालत आलेले आहे, आणि अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनच्या लेखनशैली पुस्तिकेच्या 2019 मधील सातव्या आवृत्तीने त्यास मान्यता दिली. त्यामुळे या वाक्याचे गुण कापणे आता समर्थनीय नाही. मराठीला ही अडचण तितकीशी जाणवली नाही. 'प्रत्येकाने' हे रूप पुल्लिंगी असले, तरी 'आपले पुस्तक आणावे' यातील 'आपले' पुस्तक आणणाऱ्याचे लिंग विचारत नाही.