दूर राहून जुळवलेली नाणेफेक

दोन दूरच्या संगणकांवर नाणी उडवायची आहेत. दोन्हीकडे छापा-काटा निम्मे-निम्मे, पण शंभरातल्या सरासरी नव्वद फेकींत निकाल सारखा हवा. संपर्क कमीत कमी. पुढचे आकडे दर फेकीमागचे, लांबलचक मालिकेसाठीचे.

• परस्पर माहिती (क्लॉड शॅनन, १९४८) : एका निकालावरून दुसऱ्याबद्दल किती कळते. इथे सुमारे ०.५३ बिट.

• वायनरची सामाईक माहिती (१९७५) : दोघांना आधी तेच यादृच्छिक बिट वाटून दिले, मग बोलणे बंद. किमान ०.८७ बिट लागतात, म्हणजे परस्पर माहितीपेक्षा बरेच जास्त.

• गाच–कर्नर माप (१९७३) : उलटा प्रश्न. दोघांच्या हाती आपापले निकाल आहेत. न बोलता त्यांतून दोघांनी हमखास सारखे बिट काढायचे. उत्तर चक्क शून्य.

• पॉल कफ (२०१३) : एकाची फेक झालेली आहे, तो दुसऱ्याला संदेश पाठवतो. सामाईक बिट मुबलक असतील तर ०.५३ बिटांचा संदेश पुरतो. मुळीच नसतील तर ०.८७.

• क्वांटम जोडी : नाण्यांऐवजी क्वांटम कणांची मोजमापे जुळवायची असतील तर? जॉन बेल यांनी १९६४मध्ये दाखवले, की गुंतलेल्या कणांचे परस्परसंबंध नुसत्या सामाईक यादृच्छिकतेने साधत नाहीत. दोन क्यूबिटांच्या (क्वांटम बिटांच्या) पूर्ण गुंतलेल्या जोडीवरील साध्या मोजमापांसाठी, सामाईक यादृच्छिकतेखेरीज एका बिटाचा संदेश पुरतो (टोनर व बेकन, २००३).