तारखेच्या दिवशीचा पहारा

बुलढाण्याच्या जिल्हा न्यायालयात येणाऱ्या पक्षकाराला फाटकावरचा पोलीस दिसतो. कैदी पार्टीकडे तो फारसे पाहत नाही. न्यायबंदीला कारागृहातून आणून हजर करणे आणि परत नेणे हे तिचे काम. माझ्या मते खरी जोखीम याच वाटेवर असते. तारीख जाहीर, न्यायालय खुले. आरोपी केव्हा, कुठे उभा राहणार हे वैऱ्यालाही ठाऊक.

१३ ऑगस्ट २००४ रोजी नागपूरच्या जिल्हा न्यायालयात अक्कू यादवला जमावाने ठार केले. सोबतचे पोलीस अपुरे पडले. (कस्तुरबानगरच्या महिलांनी त्याचा किती छळ सोसला हा वेगळा विषय; पहाऱ्याला आरोपीची लायकी ठरवता येत नाही.) दिल्लीच्या रोहिणी न्यायालयात २४ सप्टेंबर २०२१ रोजी मारेकरी वकिलांच्या वेशात शिरले. म्हणून झडतीत काळ्या कोटालाही सूट नको. पण छोट्या गावात रोज भेटणाऱ्या वकीलसाहेबांना पिशवी उघडायला सांगणे शिपायाला जड जाते!

दूरदृश्य प्रणालीने हजेरी घेतली, तर ही ने-आणच टळते. बॉम्बच्या धमकीचे मात्र तसे नाही. इमारत रिकामी करताना सगळे एकाच जिन्याने उतरले, तर आरोपी, फिर्यादी आणि साक्षीदार समोरासमोर येतात. आरोपीला कोणत्या दाराने काढायचे आणि कुठे थांबवायचे, हे आधीच ठरलेले हवे.