‘जोगवा’: वेष आणि ओळख

राजीव पाटील यांचा ‘जोगवा’ (२००९) हा चित्रपट यल्लम्मा देवीस सोडलेल्या जोगत्या-जोगतिणींच्या जीवनावर आहे. राजन गवस यांच्या ‘चौंडकं’ व ‘भंडारभोग’ या कादंबऱ्या आणि चारुता सागर यांची ‘दर्शन’ ही कथा यांचा त्यास आधार आहे. देवीचे मुख्य स्थान सौंदत्ती बेळगाव जिल्ह्यातच असल्याने हा विषय आम्हांस परका नाही.

सुली जोगतीण होते. तायप्पास लुगडे नेसवून जोगता केले जाते. (या भूमिकेसाठी उपेंद्र लिमये यांना राष्ट्रीय पुरस्कार लाभला.) रूढीच्या लेखी दोघांचेही देह त्यांचे स्वतःचे नव्हेत. म्हणूनच त्यांच्यातील शृंगार येथे बंडाचे रूप घेतो. जिच्यावर इतरांनी हक्क सांगावयाचा, ती सुली स्वतः कोणाची तरी इच्छा करते. आणि तिच्या दृष्टीस लुगड्याआडचा पुरुष दिसल्याने तायप्पास आपली हरवलेली ओळख सापडते.

तथापि एक प्रश्न उरतो. तायप्पास लुगडे ही शिक्षा वाटते. परंतु उत्तर कर्नाटकातील कित्येक जोगप्पांना तोच वेष आपला वाटतो. पुरुषत्वाची पुनःप्राप्ती म्हणजेच मुक्ती मानल्यास त्यांना या कथेत जागा राहत नाही. एकाच चित्रपटाने सर्वांची कथा सांगावी, असा आमचा आग्रह नाही. मात्र विद्यार्थ्यांपुढे त्याची चर्चा करताना शिक्षकांनी हा भेद स्पष्ट करावा: अन्याय लुगड्यात नसून ते बळाने नेसविण्यात आहे.